चौकट नसलेला समुद्र : मेसदाख यांचा पॅनोरामा

नेदरलँड्समधील द हेग शहरात झेस्ट्राट नावाचा रस्ता आहे. शब्दशः अर्थ घेतला तर 'समुद्राचा रस्ता'. या रस्त्यावरील एका इमारतीत तिकीट काढून आत गेले की एका अंधाऱ्या वाटेने चालावे लागते. वाट संपते तिथे गोल जिना आहे. तो चढून वर आले की आपण एका वाळूच्या टेकडीवर, छत असलेल्या लाकडी चौथऱ्यावर उभे असतो. समोर उत्तर समुद्र पसरलेला असतो. वाळूवर रुंद पोटाच्या मासेमारी नौका एका ओळीत विसावलेल्या असतात. मागे वळावे तर कोळ्यांचे गाव, त्यातील चर्च आणि दीपस्तंभ, आणि गावापलीकडे झाडांच्या रांगेवर द हेग शहराचे मनोरे दिसतात. पुन्हा वळावे तर वाळूच्या टेकड्याच टेकड्या. कुठेही वळा, चित्र संपत नाही, कारण त्याला आरंभ नाही आणि अंतही नाही.

हे चित्र हेन्ड्रिक विलेम मेसदाख या डच चित्रकाराने १८८१ साली रंगविले. त्याची उंची सुमारे १४ मीटर आणि परीघ सुमारे १२० मीटर आहे. म्हणजे जवळजवळ १,६८० चौरस मीटर कापड तैलरंगांनी भरले आहे. ते आजही त्याच इमारतीत, ज्या इमारतीसाठी काढले गेले तिथेच टांगलेले आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत अशी शेकडो चित्रे निघाली. त्यांपैकी हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच उरली. उरलेल्यांतही बहुतेक चित्रे लढायांची आहेत. मेसदाख यांच्या चित्रात लढाई नाही, राजा नाही, चमत्कार नाही. एका साध्या दुपारी किनाऱ्यावर जे असते ते आहे. या लेखात या चित्राची घडण समजून घ्यायची आहे, आणि ते काढले जात असताना त्यातील दृश्यावर कोणते संकट घोंघावत होते तेही पाहायचे आहे.

प्रथम 'पॅनोरामा' या शब्दाविषयी. आज मोबाइलचा कॅमेरा आडवा फिरवून काढलेल्या लांबट छायाचित्रालाही आपण पॅनोरामा म्हणतो. मूळ शब्द मात्र एका व्यावसायिक कल्पनेसाठी घडविला गेला. रॉबर्ट बार्कर या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने एडिंबरा शहरातील टेकडीवरून चोहीकडचे दृश्य काढून ते वर्तुळाकार भिंतीवर लावण्याची युक्ती योजिली आणि १७८७ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास या चित्रांसाठी गोल इमारत उभी राहिली. 'सर्व' आणि 'दृश्य' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून नाव तयार झाले: पॅनोरामा. लोकांनी पैसे देऊन आत जायचे आणि एखाद्या दूरच्या शहरात वा रणभूमीवर उभे राहिल्याचा अनुभव घ्यायचा, असा हा धंदा होता. प्रवास महाग, छायाचित्रण अजून जन्माला यायचे. त्यामुळे गर्दी लोटली यात नवल नाही.

आपल्याकडचे विषयही या गोल इमारतींत पोचले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी रॉबर्ट केर पोर्टर या विशीतल्या चित्रकाराने लंडनमध्ये त्या हल्ल्याचे प्रचंड अर्धवर्तुळाकार चित्र प्रदर्शित केले. हिंदुस्थान त्याने पाहिलेला नव्हता! १८३१ मध्ये लंडनच्या स्ट्रँड भागातील पॅनोरामागृहात मुंबई बेट आणि बंदर यांचे दृश्य लागले होते. जिथे गावे आणि माणसे केवळ ऐकीव वर्णनांवरून किंवा दुसऱ्याने आणलेल्या रेखाटनांवरून उभी केली जात, तिथे सत्याचा आग्रह धरणारे कोण असणार? पॅनोरामा हा मुळात तमाशाचा प्रकार होता. त्यात वास्तववाद होता तो तपशिलांच्या झगमगाटापुरता.

मेसदाख यांचे वेगळेपण इथे सुरू होते. त्यांनी अशी जागा निवडली जी त्यांच्या घरापासून काही किलोमीटरवर होती, जी ते रोज पाहत होते, आणि जी त्यांच्या प्रेक्षकांनीही असंख्य वेळा पाहिलेली होती. तिकीट काढून आत आलेला द हेगचा रहिवासी बाहेर पडून पाऊण तासात खऱ्या किनाऱ्यावर जाऊन ताडून पाहू शकत होता. चित्रकारासाठी याहून कठोर परीक्षा नाही.

मेसदाख यांचा जन्म १८३१ मध्ये ग्रोनिंगेन या उत्तरेकडील शहरात झाला. वडिलांची पेढी होती. मुलगाही त्याच व्यवसायात शिरला आणि वयाच्या पस्तिशीपर्यंत तिथेच राहिला. चित्रे काढायची ती फावल्या वेळात. पत्नी सीन्त्ये फान हाउतेन हिच्या वडिलांच्या निधनानंतर तिला वारसाहक्काने संपत्ती मिळाली आणि तिच्या बळावर १८६६ मध्ये मेसदाख यांनी पेढी सोडली. नात्यातील लॉरेन्स आल्मा-तादेमा तेव्हा चित्रकार म्हणून नावारूपाला आलेले होते. त्यांच्या मदतीने मेसदाख ब्रुसेल्समध्ये विलेम रूलोफ्स या निसर्गचित्रकाराकडे शिकू लागले. पस्तीस वर्षांचा, संसारी, बायकोच्या पैशावर चित्रकला शिकायला निघालेला सावकार. त्या काळच्या ग्रोनिंगेनमध्ये याची चर्चा काय झाली असेल याची कल्पना करता येते.

१८६८ च्या उन्हाळ्यात नॉर्डर्नाय या जर्मन बेटावर त्यांनी समुद्र डोळे भरून पाहिला आणि आपला विषय सापडला असे त्यांना वाटले. त्याच वर्षी कुटुंब द हेगला हलले, कारण समुद्र रंगवायचा तर समुद्राशेजारी राहिले पाहिजे. किनाऱ्यावरच्या स्खेव्हेनिंगेन गावात त्यांनी समुद्राकडे तोंड असलेली खोली भाड्याने घेतली आणि खिडकीत बसून ते एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढू लागले: लाटा, ढग, त्यांच्यामधली रेघ. दोनच वर्षांनी, १८७० मध्ये, पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात त्यांच्या उत्तर समुद्रातील लाटांच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. पुढच्या वर्षी त्यांचा एकुलता एक मुलगा क्लास आठव्या वर्षी वारला. सीन्त्ये त्यानंतर पूर्ण वेळ चित्रकलेकडे वळली आणि स्वतःच्या बळावर चित्रकार म्हणून ओळखली जाऊ लागली. पॅनोरामाच्या कथेत तिचा भाग मोठा आहे.

मेसदाख ज्या गटातले मानले जातात त्याला 'हेग स्कूल' म्हणतात. या चित्रकारांना डच कुरणे, कालवे, कोळी, ढगाळ आकाश एवढेच पुरेसे होते. त्यांची रंगसंगती इतकी करडी की काही समीक्षकांनी त्यांना करड्या रंगाचा संप्रदायच म्हटले. विषय भव्य असावा, त्यातून बोध मिळावा, अशी तोवरची अपेक्षा होती. या मंडळींनी ती बाजूला सारली. त्यांच्या लेखी दमट हवेतला उजेड नेमका पकडणे हेच काम होते.

बेल्जियममधील एका कंपनीने १८८० मध्ये मेसदाख यांना पॅनोरामा काढण्यास सांगितले तेव्हा त्यांनी स्खेव्हेनिंगेनचाच आग्रह धरला. गावाजवळ साइनपोस्ट नावाची टेकडी होती, तिथल्या टेकड्यांमध्ये सर्वांत उंच. तिच्यावरून समुद्र, गाव आणि शहर तिन्ही दिसत. पण ही टेकडी आता फार काळ राहणार नव्हती. स्खेव्हेनिंगेन हे कोळ्यांचे गाव झपाट्याने हवा खायला येणाऱ्या श्रीमंतांचे ठिकाण बनत होते, आणि खाण्यापिण्याच्या व करमणुकीच्या इमारतींसाठी टेकडी सपाट केली जाणार होती. मेसदाख यांना हे मुळीच पसंत नव्हते. म्हणजे जिथे उभे राहून ते दृश्य रेखाटणार होते ती जमीनच नाहीशी होणार होती. चित्र पूर्ण झाल्यावर ते पडताळून पाहायला कोणी टेकडीवर जाऊ म्हणेल तर टेकडीच नसेल, अशी ही विलक्षण स्थिती होती.

टेकडीवर त्यांनी एक काचेचा दंडगोल उभारला. त्याच्या आत मधोमध डोळा ठेवायचा आणि काचेतून जे दिसेल त्याची रेषा काचेवरच ओढायची. समोरची नौका काचेवर जिथे दिसते तिथे नौका, दूरचा मनोरा जिथे दिसतो तिथे मनोरा. असे करीत पूर्ण फेरी मारली की चोहीकडचे दृश्य एका लहान नळकांड्यावर अचूक उतरते. मग ती रेखाटने अनेक पटींनी वाढवून मोठ्या कापडावर घ्यायची. युक्ती सोपी वाटते, पण तिच्यात पॅनोरामाचे सगळे भूमितीशास्त्र सामावले आहे.

सपाट कागदावर चित्र काढताना चित्रकार एका खिडकीतून पाहत असतो. खिडकीच्या कडांपाशी काय करायचे, कोणती वस्तू आत घ्यायची, कोणती कापायची, हे तो ठरवतो. दंडगोलावर कडा नाहीत, म्हणून ही सोयही नाही. शिवाय वक्र पृष्ठभागावर सरळ रेषा सरळ राहत नाहीत. घराच्या छपराची आडवी कड, किनाऱ्याची रेघ, रस्त्याची बाजू, या क्षितिजाच्या वर किंवा खाली असल्या की कापडावर वाकड्या काढाव्या लागतात, तेव्हा त्या मधून पाहणाऱ्याला सरळ दिसतात. फक्त दोन गोष्टींना ही वक्रता बाधत नाही: उभ्या रेषा आणि खुद्द क्षितिज. म्हणून समुद्राचे क्षितिज हा या चित्राचा कणा आहे. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या नेमक्या उंचीवर आले पाहिजे; थोडेही खाली-वर झाले तर समुद्र उताराला लागल्यासारखा दिसेल.

मापांचा हिशोबही मनोरंजक आहे. प्रेक्षक उभा राहतो तिथून कापड साधारण १४ मीटरवर आहे. खरी वस्तू १४० मीटरवर असेल तर कापडावर ती तिच्या दशांश उंचीची काढावी लागेल: १० मीटरची डोलकाठी एक मीटरची, आणि १७० सेंटिमीटरचा माणूस १७ सेंटिमीटरचा. तोच माणूस दीड किलोमीटरभर दूर गेला की त्याची उंची दीड सेंटिमीटर. म्हणजे एवढ्या अवाढव्य कापडावर माणसे प्रत्यक्षात बाहुल्यांएवढी किंवा मुंग्यांएवढीच आहेत. कापडाचा प्रचंड भाग निव्वळ आकाशाने व्यापलेला आहे, आणि माझ्या मते तोच या चित्राचा सर्वोत्तम भाग आहे. नौका कोणीही कुशल कारागीर काढील. हवा काढणे कठीण, आणि शेकडो चौरस मीटर हवा न कंटाळवता काढणे त्याहून कठीण.

एकट्याने हे काम करणे अशक्य होते. सीन्त्ये सोबत होती. गावाचा भाग मुख्यतः तिने रंगविला. तेओफिल द बॉक यांनी वाळूच्या टेकड्या आणि आकाश यांवर काम केले. जॉर्ज हेन्ड्रिक ब्राइटनर तेव्हा विशीतला तरुण होता. किनाऱ्यावर कवायत करणारे घोडेस्वार हे त्याचे काम. पुढे आम्स्टरडॅमच्या रस्त्यांचा चित्रकार म्हणून तो मोठा झाला. बर्नार्ड ब्लोमर्स यांचाही हात लागला. समुद्र, किनारा आणि नौका मेसदाख यांनी स्वतःकडे ठेवल्या. काही महिन्यांत सगळे काम उरकले आणि १ ऑगस्ट १८८१ रोजी पॅनोरामा लोकांसाठी खुला झाला. इतक्या हातांनी केलेले काम एकाच हाताचे वाटावे यासाठी मेसदाख यांनी वरून किती फेरफार केले असतील ते आता सांगता येत नाही, पण जोड कुठे आहे हे सहज दिसत नाही एवढे खरे.

चित्रात किनाऱ्यावर एक छोटीशी आकृती आहे. पांढऱ्या छत्रीखाली चित्रफळीसमोर बसलेली एक स्त्री. ती सीन्त्ये. मेसदाख यांनी पत्नीला तिच्या कामासकट चित्रात बसविले आहे. सांगितल्याशिवाय ती बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

आता फसवणुकीच्या तंत्राकडे येऊ, कारण पॅनोरामा म्हणजे केवळ मोठे चित्र नव्हे. ते चित्र, इमारत आणि उजेड यांचे मिळून बनलेले यंत्र आहे. पहिला भाग अंधारी वाट. बाहेर भर उन्हात जितका उजेड असतो त्याच्या तुलनेत छताखालच्या चित्रावर फारच थोडा असतो. प्रेक्षक रस्त्यावरून थेट आत आला तर चित्र त्याला मळकट वाटेल. अंधाऱ्या वाटेत डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, बाहेरच्या उजेडाची आठवण पुसट होते, आणि वर आल्यावर तोच मंद प्रकाश उघड्या आभाळासारखा भासतो. त्याच वाटेत दिशांचे भानही सुटते. गोल जिना त्यासाठीच. वर आल्यावर आपण शहराच्या कोणत्या अंगाला तोंड करून उभे आहोत हे कोणालाही सांगता येत नाही.

दुसरा भाग म्हणजे वर ताणलेले छत. त्यामुळे कापडाची वरची कड दिसत नाही आणि काचेचे तावदानही दिसत नाही. उजेड त्या तावदानातून येतो तो थेट कापडावर पडतो, तर प्रेक्षक सावलीत राहतो. चित्र स्वतःच उजळल्यासारखे दिसते त्याचे रहस्य हे. आणि हा उजेड दिव्यांचा नाही, दिवसाचा आहे. बाहेर ढग सूर्यावरून गेला की आत रंगविलेला समुद्र काळवंडतो. ढग सरला की वाळू पुन्हा उजळते. १८८१ मध्ये रंगविलेल्या आकाशावर आजच्या ढगांची सावली फिरते. हे साधण्यासाठी मेसदाख यांनी काही केले नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही. त्यांनी चित्रातला उजेड मुद्दामच सौम्य आणि विखुरलेला ठेवला. चित्रात ठळक ऊन आणि धारदार सावल्या असत्या तर बाहेरच्या बदलत्या उजेडाशी त्या सतत भांडत राहिल्या असत्या.

तिसरा भाग खालच्या कडेचा. चौथऱ्याभोवती खरी वाळू पसरली आहे. तिच्यात खरे गवत, जाळी, नांगर, मोडकी टोपली असे सामान टाकलेले आहे. ही वाळू उतरत उतरत कापडाला जाऊन भिडते आणि तिथून पुढची वाळू रंगविलेली. खरी कुठे संपली आणि खोटी कुठे सुरू झाली हे शोधण्यात प्रेक्षकांचा बराच वेळ जातो. मुलांना तर तेवढाच खेळ पुरतो.

चौथी गोष्ट अंतराची. आपल्या दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू ती किती जवळ आहे हे ठरवतो. वस्तू हातभर अंतरावर असेल तर हा फरक मोठा असतो. दहापंधरा मीटरपलीकडे तो इतका क्षीण होतो की मेंदू दुसऱ्या खुणांवर विसंबतो. आकार किती लहान झाला, रंग किती फिके पडले, एक वस्तू दुसऱ्या वस्तूला झाकते का, या त्या खुणा. प्रेक्षकाला कापडापासून १४ मीटर दूर ठेवले म्हणजे 'हे सपाट आहे' अशी तक्रार करणारा साक्षीदारच गप्प बसतो, आणि चित्रकाराच्या हातात असलेल्या खुणांचे राज्य सुरू होते. दमट हवेतल्या फिकट रंगछटांत निष्णात असलेल्या हेग स्कूलच्या चित्रकारांना हे काम लाभले, हा योग म्हणावा लागेल. स्वच्छ, कोरड्या हवेचा चित्रकार इथे अडला असता.

एक दोष मात्र राहतोच. चित्रातील कोणतीही गोष्ट हलत नाही. लाट फुटण्याच्या क्षणी थांबलेली असते, घोडा पाय उचलून तसाच. पहिली काही मिनिटे हे जाणवत नाही. मग एक विचित्र शांतता जाणवू लागते. समुद्र आहे पण वारा नाही, मिठाचा वास नाही. काहींना ही शांतता अस्वस्थ करते. मला वाटते, मेसदाख यांनी लढाईऐवजी साधी दुपार निवडली ती या कारणानेही योग्य ठरली. तोफेच्या धुरात गोठलेला सैनिक पाच मिनिटांत पुतळ्यासारखा दिसू लागतो. वाळूवर टेकलेली नौका मुळातच स्तब्ध असते.

विन्सेंट व्हॅन गॉग तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता आणि चित्रकार होण्याचा निर्णय घेऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. १८८१ च्या ऑगस्टमध्ये तो द बॉक यांच्यासोबत हा पॅनोरामा पाहून आला आणि भाऊ थिओला त्याने पत्रात कळविले. हे काम आदरास पात्र आहे असे त्याचे मत पडले. रेम्ब्रांटच्या एका चित्राबद्दल कुठेतरी वाचलेला अभिप्राय त्याला आठवला: त्या चित्रात काही दोषच नाही, हाच त्याचा एकमेव दोष. ही स्तुती आहे की टोमणा, यावर आजही बोलले जाते. पुढच्या काळात आकाशाला भोवरे आणि झाडांना ज्वाळा देणाऱ्या माणसाच्या तोंडी हे वाक्य आल्याने त्यात टोमणा वाचण्याचा मोह होतो. पण १८८१ चा व्हॅन गॉग अजून करड्या रंगांत, मातीच्या रंगांत चाचपडत होता आणि हेग स्कूलचे चित्रकार त्याला गुरुस्थानी होते. मला तो आदर खरा वाटतो.

कलेच्या दृष्टीने आक्षेप घेणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. चित्र म्हणजे निवड. चौकट ही निवडीची पहिली खूण. चौकटच काढून टाकली तर कला कुठे उरली, असा युक्तिवाद करता येतो. त्यात तथ्य आहे. मेसदाख यांची लहान चित्रे पाहिली तर त्यांत रचनेचा विचार अधिक दिसतो, आणि खरे सांगायचे तर त्यांतील बरीच एकमेकांसारखी आहेत. पॅनोरामात निवड दुसऱ्या ठिकाणी झाली आहे: कुठे उभे राहायचे, दिवसाचा कोणता प्रहर, कोणता उजेड, आणि कोणते गाव. एवढे ठरविल्यावर मग समोर जे आहे ते सगळे घ्यायचे, नावडते टाळायचे नाही. किनाऱ्यावरच्या राजघराण्याच्या बंगलीला जेवढी जागा, तेवढ्याच प्रामाणिकपणे कोळ्यांच्या घरांना. वास्तववादाची याहून काटेकोर कसोटी एखाद्या चौकटीतल्या चित्राला क्वचितच द्यावी लागते.

धंदा म्हणून मात्र ही गोष्ट फसली. एकदा पाहिलेला पॅनोरामा पुन्हा पाहायला लोक येत नाहीत, म्हणून मालक मंडळी कापडे गुंडाळून एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरवीत. त्यामुळेच बहुतेक पॅनोरामे फाटून, ओल लागून, तुकडे होऊन नष्ट झाले. बेल्जियन कंपनीचे १८८६ मध्ये दिवाळे निघाले. चित्राचे काय होणार हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मेसदाख यांनी स्वतःच ते विकत घेतले आणि पदरमोड करून चालू ठेवले. पेढीवर वाढलेल्या माणसाने केलेला हा उघड तोट्याचा व्यवहार. १९१० मध्ये त्यांनी त्याची मालकी कुटुंबाच्या संस्थेकडे सोपविली. सिनेमा तोवर येऊन गेला होता. गोल इमारतींचा जमाना संपला होता.

चित्रातील जगाचे पुढे काय झाले?

टेकडी गेली. किनाऱ्यावर हॉटेले, भोजनगृहे, करमणुकीच्या इमारती उभ्या राहिल्या. नौकांचे काय झाले ते समजून घ्यायचे तर त्यांची घडण माहीत हवी. या नौकांना 'बॉमस्खाउट' म्हणत. तळ सपाट, पोट रुंद, आकार जवळजवळ चौकोनी. दिसायला बेढब, पण त्यामागे कारण होते. स्खेव्हेनिंगेनला बंदर नव्हते. नौका भरतीबरोबर थेट वाळूवर आणायच्या आणि घोडे जुंपून वर ओढायच्या. टोकदार तळ असता तर त्या आडव्या झाल्या असत्या. आपल्याकडे रापणीची होडी वाळूवर चढवताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना या गरजेचे स्पष्टीकरण नको. १८९४ च्या डिसेंबरात नाताळच्या तोंडावर भयंकर वादळ झाले. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या नौका लाटांनी एकमेकींवर आपटल्या, त्यांपैकी कितीतरी फुटल्या. त्यानंतर बंदराची मागणी टाळता आली नाही. १९०४ मध्ये बंदर झाले. बंदर झाले म्हणजे सपाट तळाची गरज संपली. खोल तळाच्या, अधिक वेगवान नौका आल्या आणि बॉमस्खाउट काही वर्षांत इतिहासजमा झाली. वाईट झाले असे म्हणता येणार नाही, कारण बंदरामुळे कोळ्यांच्या नौका वाचल्या. पण चित्रात एका ओळीत उभ्या असलेल्या त्या नौका आज समुद्रकिनारी कुठेच दिसत नाहीत.

मेसदाख यांना वादळाचे किंवा बंदराचे भविष्य ठाऊक असणे शक्य नव्हते. त्यांना फक्त टेकडीचे ठाऊक होते. तरीही नौकेच्या बांधणीचा, शिडाच्या ठिगळांचा, गावातील घरांच्या छपरांचा जो तपशील त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिपला, त्यामुळे हे चित्र आता त्या गावाचा पुरावा म्हणूनही वाचले जाते. छायाचित्रे तेव्हा होती, पण ती काळीपांढरी आणि एका दिशेची. वाळूचा नेमका रंग आणि गावाचा समुद्राशी असलेला नेमका कोन फक्त इथे सापडतो.

कापड सव्वाशे वर्षांत थकले. एवढे वजन वरच्या कडेने टांगलेले असल्यामुळे ते मध्ये आत ओढले जाते. दंडगोल कमरेत बारीक होतो. तावदानातून गळणारे पाणी, धूळ, तापमानातील चढउतार यांचाही परिणाम झाला. १९९० च्या दशकात कापडाची मोठी डागडुजी झाली. रंगावर बसलेली धूळ काढण्यात आली आणि सैल पडलेल्या भागांना आधार देण्यात आला. ते १९९६ मध्ये पूर्ण झाले.

मेसदाख १९१५ मध्ये वारले. सीन्त्ये त्यांच्या आधी, १९०९ मध्ये. द हेगमध्ये त्यांच्या संग्रहाचे स्वतंत्र संग्रहालय आहे, त्यात फ्रेंच निसर्गचित्रकारांची उत्तम कामे आहेत, आणि तिथे गर्दी कमी असते. नेदरलँड्सला जाण्याचा योग कोणाला आला तर दोन्ही एकाच दिवशी पाहता येतात, कारण अंतर चालण्याइतकेच आहे. पॅनोरामासाठी मात्र निरभ्र दिवस निवडू नये. आभाळात तुटक ढग असावेत आणि वारा असावा. चौथऱ्यावर निदान अर्धा तास थांबावे, म्हणजे सावली समुद्रावरून चालत येते, नौकांवरून जाते, पांढऱ्या छत्रीपाशी पोचते आणि गावावरून टेकड्यांकडे निघून जाते, हे पाहता येते.